पाण्यात स्थिर असलेले लोह-ऑक्साइडचे नॅनोकण पेशींच्या माध्यमात तळाशी का बसतात? वैद्यकीय उपयोगासाठी लेप निवडताना नेमके काय पाहावे?

प्रश्न
विचारणारी: एम. एस्सी. नॅनोविज्ञान, दुसरे वर्ष, कोल्हापूर

नमस्कार. माझ्या प्रबंधासाठी मी सहअवक्षेपण पद्धतीने मॅग्नेटाइट या लोह-ऑक्साइडचे नॅनोकण तयार करते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा गाभा दहा ते बारा नॅनोमीटरचा दिसतो. या एकाच गाभ्यावर मी तीन वेगवेगळे लेप दिले आहेत: एका तुकडीवर सायट्रेट, दुसरीवर डेक्स्ट्रान (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) आणि तिसरीवर पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे ज्याला आपण सगळे पीईजी म्हणतो ते. एमआरआय तपासणीत कॉन्ट्रास्ट म्हणून किंवा औषध वाहून नेण्यासाठी यांपैकी कोणता कण योग्य ठरेल, हे मला मांडायचे आहे.

शुद्ध पाण्यात मोजले तेव्हा सायट्रेटच्या कणांचे झीटा पोटेन्शियल, म्हणजे कणाच्या पृष्ठभागावरील विद्युतभाराचे माप, उणे ३५ मिलिव्होल्टच्या आसपास आले, तर पीईजीच्या कणांचे उणे ४. अधिक किंवा उणे ३० च्या पलीकडचा आकडा म्हणजे स्थिर कण, असा नियम मी वाचला होता आणि माझ्या मार्गदर्शक सरांनीही तोच सांगितला. त्यामुळे पीईजीचे कण आम्ही जवळजवळ बाद ठरवले होते. प्रत्यक्षात दहा टक्के सीरम असलेल्या आरपीएमआय या पेशी वाढवण्याच्या माध्यमात कण टाकले तेव्हा नेमके उलटे घडले. सायट्रेटच्या कणांचा अर्ध्या तासात नळीच्या तळाशी तपकिरी साका बसला, डेक्स्ट्रानचे कण पहिल्या दिवशी ठीक राहून दुसऱ्या दिवशी गढूळ झाले आणि पीईजीचे कण दुसऱ्या दिवशीही जसेच्या तसे होते.

भरीस भर म्हणजे एमटीटी चाचणीत, म्हणजे किती पेशी जिवंत आहेत हे रंगावरून मोजणाऱ्या चाचणीत, सायट्रेटचे कण सर्वांत विषारी दिसतात आणि पेशींमध्ये शिरलेले लोहही त्यांच्याच बाबतीत सर्वांत जास्त भरते. ‘सायट्रेटचा लेप पेशींत उत्तम शिरतो पण घातक आहे’ असा निष्कर्ष काढावा का? की माझ्या मोजणीतच काही चुकते आहे?

उत्तर १
कलिल रसायनशास्त्र शिकवणारा, पुणे

आपली मोजणी चुकलेली नाही. तिच्यावर लावलेला नियम चुकीच्या ठिकाणी लावला गेला आहे. उणे किंवा अधिक ३० मिलिव्होल्टचा संकेत केवळ विद्युतभाराच्या प्रतिकर्षणावर तग धरणाऱ्या कणांसाठी आहे, आणि तोही क्षार फार कमी असलेल्या द्रावणात. भारित कणाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचा एक ढग असतो आणि त्या ढगाची जाडी द्रावणातील क्षारांवर ठरते. एक मिलिमोलर मिठाच्या पाण्यात ही जाडी सुमारे १० नॅनोमीटर भरते. रक्तात किंवा पेशींच्या माध्यमात, म्हणजे सुमारे ०.१५ मोलर क्षारांत, ती ०.८ नॅनोमीटरवर येते. दोन कणांना परस्परांचा भार जाणवेपर्यंत ते इतके जवळ आलेले असतात की आकर्षणाची ओढ त्यांना सोडत नाही. सायट्रेटचे आपले कण बाटलीतल्या पाण्यात एकमेकांना दूर ठेवत होते, ते माध्यमात पडताच आंधळे झाले, असे समजा.

सायट्रेटच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी घडतात. माध्यमातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शेजारशेजारच्या कणांवरील कार्बोक्सिल गटांना पुलासारखे जोडतात. शिवाय फॉस्फेट हे लोह-ऑक्साइडच्या पृष्ठभागाला सायट्रेटपेक्षा घट्ट धरते, आणि आरपीएमआयमध्ये फॉस्फेट भरपूर म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमोलर असते. डीएमईएम या पेशींच्या दुसऱ्या माध्यमात ते एक मिलिमोलरच्या आतबाहेर असते. म्हणून माध्यम बदलले तर साका बसण्याचा वेगही बदलेल. हा प्रयोग एका सकाळी होण्यासारखा आहे, तो जरूर करून पाहावा.

पीईजीची रीत निराळी आहे. पाण्याने माखलेल्या या लवचीक साखळ्या कणाभोवती उभ्या राहतात. दोन कण जवळ आले की साखळ्यांमधले पाणी पिळून निघावे लागते आणि साखळ्यांना हालचालीसाठी मिळणारी जागा आक्रसते; या दोन्हींना ऊर्जा लागते, म्हणून कण परस्परांपासून दूर राहतात. मिठाने या यंत्रणेला फारसा धक्का लागत नाही. झीटा पोटेन्शियल शून्याजवळ येते ते गाभ्याचा भार साखळ्यांखाली झाकला गेल्यामुळे. आपल्या पीईजीच्या कणांचा उणे ४ हा आकडा लेप नीट बसल्याची खूण आहे. सरांना हे दाखवताना दोन्ही मोजण्या शेजारी ठेवाव्यात: पाण्यातली आणि १५० मिलिमोलर मिठातली.

पण ‘पीईजी आहे’ एवढे पुरेसे नसते. साखळ्या किती दाट बसल्या आहेत यावर पुढचे सगळे अवलंबून असते. २,००० आण्विक वजनाची पीईजीची एक साखळी मोकळ्या पाण्यात साधारण साडेतीन नॅनोमीटरच्या गुंडाळीसारखी असते. दोन साखळ्यांच्या मुळांमधले अंतर त्याहून जास्त असेल तर त्या विरळ अळंब्यांसारख्या पसरतात आणि मधल्या उघड्या जागेत प्रथिने सहज बसतात. अंतर कमी असेल तर एकमेकींना जागा देण्यासाठी त्या ताठ उभ्या राहतात आणि ब्रशसारखा दाट थर तयार होतो. उष्माभारमापनाने, म्हणजे टीजीएने, सेंद्रिय भागाचे वजन काढा, गाभ्याच्या व्यासावरून पृष्ठफळ काढा आणि दर चौरस नॅनोमीटरला किती साखळ्या आहेत हे प्रबंधात लिहा. हा आकडा न देता ‘पीईजी लेपित’ एवढेच लिहिलेले अनेक प्रबंध मी तपासले आहेत, आणि त्यांतले निष्कर्ष दुसऱ्या कोणाला पुन्हा मिळवता येत नाहीत याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण मुलांनी त्यामागे दोन-दोन वर्षे घातलेली असतात.

साखळी गाभ्याला कशाने बांधली आहे तेही पाहावे. नुसत्या कार्बोक्सिल गटाने बांधलेली साखळी फॉस्फेटपुढे हळूहळू सुटते. सिलेन, कॅटेकॉल किंवा फॉस्फोनेट यांची पकड बरीच चांगली असते. डेक्स्ट्रानचे कण आपल्याकडे दुसऱ्या दिवशी गढूळ झाले त्याचे कारण बहुधा हेच आहे, कारण नुसते शोषले गेलेले डेक्स्ट्रान हायड्रोजन बंधांवर टेकून असते. म्हणून काही संशोधकांनी डेक्स्ट्रानच्या साखळ्या एपिक्लोरोहायड्रिनने परस्परांत गुंफून कणाभोवती जणू पिंजराच तयार केला. ही पद्धत एमआरआयच्या संशोधनात पुष्कळ वापरली गेली आहे.

आता विषारीपणाचा मुद्दा. तळाला चिकटलेल्या पेशींवर साका बसत असेल, तर त्या पेशींना मिळणारी मात्रा आपण नळीत टाकलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त असते. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील गटाने २०११ साली सोन्याच्या कणांवर हे फार सोप्या रीतीने दाखवले: पेशींचा थर एकदा खाली तोंड करून आणि एकदा नेहमीसारखा ठेवला, तर लवकर खाली बसणाऱ्या कणांच्या बाबतीत पेशींनी घेतलेले प्रमाण दोन्हींत वेगवेगळे आले. तेव्हा आपला निष्कर्ष सध्या फक्त इतकाच होऊ शकतो की सायट्रेटचे कण या माध्यमात एकत्र गोळा होऊन पेशींवर बसले. लेपाच्या विषारीपणाविषयी त्यावरून काही म्हणता येणार नाही. शिवाय एमटीटीच्या रंगाची मोजणी जिथे होते तिथे लोह-ऑक्साइडही प्रकाश शोषते. पेशी नसलेल्या, फक्त कण असलेल्या खाचांचे वाचन वजा केले आहे ना, ते पाहावे.

एक लहानसा पण उपयोगी मुद्दा: सीरम आधीच मिसळलेल्या माध्यमात कण टाकणे आणि कण टाकल्यावर सीरम घालणे यांत फरक पडतो. पहिल्या क्रमात प्रथिने कणांवर आधी बसतात आणि काही प्रमाणात त्यांना सावरून धरतात. कोणता क्रम ठेवला ते पद्धतीच्या प्रकरणात लिहावे.

उत्तर २
प्रथिने आणि पृष्ठभाग यांवर पीएच. डी., सध्या जर्मनीत

वरील उत्तराला धरूनच पुढचे लिहिते. कण रक्तात गेल्यावर पेशीला आपला लेप क्वचितच दिसतो. तिला दिसतो तो लेपावर बसलेल्या प्रथिनांचा थर. या थराला प्रोटीन कोरोना म्हणतात आणि ही संज्ञा २००७ च्या सुमारास डब्लिन आणि लुंड येथील संशोधकांच्या कामामुळे रूढ झाली. रक्तात मुबलक असलेली आणि लवकर पोहोचणारी प्रथिने पृष्ठभागावर आधी बसतात, मागाहून कमी संख्येची पण घट्ट पकडीची प्रथिने त्यांना हटवून जागा घेतात. पृष्ठभागांवरची ही अदलाबदल लिओ व्रोमन यांनी नॅनोकणांचा बोलबाला होण्याच्या कितीतरी आधी दाखवली होती, म्हणून तिला व्रोमन परिणाम म्हणतात.

यात कोणती प्रथिने बसतात याला फार महत्त्व आहे. प्रतिपिंडे आणि पूरक प्रणालीतील (रक्तातील संरक्षक प्रथिनांच्या साखळीतील) सी३ सारखी प्रथिने बसली तर यकृतातील आणि प्लीहेतील भक्षक पेशी त्या कणाला जिवाणू समजून काही मिनिटांत उचलतात. पीईजीविषयी बरीच वर्षे असे शिकवले गेले की ते प्रथिनांना जवळच येऊ देत नाही आणि म्हणून कण लपून राहतो. माइन्झ येथील गटाने २०१६ साली दाखवले की हे अर्धेच खरे आहे. पीईजीच्या कणांवर प्रथिने कमी बसतात हे खरे, परंतु जी बसतात त्यांत क्लस्टरिन नावाच्या प्रथिनाचे प्रमाण मोठे असते, आणि रक्तद्रवातल्या प्रथिनांशी गाठ न घातलेले पीईजीचे कण भक्षक पेशींनी बऱ्यापैकी उचलले. म्हणजे लेपाचे काम प्रथिने अडवण्याइतकेच योग्य प्रथिने बसू देण्याचेही आहे. माझ्या मते लेप निवडण्याची सगळी दिशा या एका निरीक्षणाने बदलते.

आपण पुढे लक्ष्यवेधी, म्हणजे ठरावीक पेशी ओळखणारे, रेणू जोडणार असाल तर आणखी एक इशारा. डब्लिनच्या गटाने २०१३ साली ट्रान्सफेरिन हे रक्तात लोह वाहणारे प्रथिन जोडलेले सिलिकाचे कण घेतले. सीरम नसताना ते ट्रान्सफेरिनच्या ग्राहींना नेमके ओळखत होते, सीरम घातल्यावर कोरोनाने ट्रान्सफेरिन झाकले आणि ती ओळख नाहीशी झाली. कण पेशींत शिरत राहिले, पण कोणत्या दाराने शिरतात हे बदलले होते. म्हणून सीरमविरहित माध्यमात मिळालेल्या लक्ष्यवेधाच्या आलेखावर कोणी विसंबू नये.

उत्तर ३
रुग्णालयातील औषधनिर्माणशास्त्रज्ञ, मुंबई

प्रयोगशाळेतल्या चर्चेत मी थोडी वॉर्डातली बाजू घालतो, कारण विद्यार्थ्यांना बहुधा असे वाटते की नॅनोकण ही अजून यायची गोष्ट आहे. आपल्या राज्यातल्या शासकीय रुग्णालयांत रक्तक्षयाच्या गरोदर मातांना सलाईनमधून जे आयर्न सुक्रोज देतात, तो लेप दिलेला लोहाचा नॅनोकणच आहे: आत लोह-ऑक्सिहायड्रॉक्साइडचा गाभा आणि बाहेर सुक्रोजचे आवरण. आपण प्रबंधात ज्या प्रकारचा कण तयार करत आहात त्याचा हा चुलत भाऊच आहे, आणि लेपाचा परिणाम किती व्यावहारिक असतो ते याच्यावरून स्पष्ट दिसते.

सुक्रोजची पकड सैल असते. रक्तात जाताच थोडे लोह गाभ्यापासून सुटते आणि ते ट्रान्सफेरिनच्या क्षमतेबाहेर गेले की रक्तदाब उतरणे, मळमळ, अंग दुखणे अशा तक्रारी येतात. म्हणून आयर्न सुक्रोज सहसा एका वेळी २०० मिलिग्रॅमच देतात आणि एका बाईला चार-पाच वेळा यावे लागते. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजमध्ये आवरण अधिक घट्ट आहे, लोह भक्षक पेशींच्या आत गेल्यावरच सावकाश सुटते, आणि म्हणून १००० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा पंधरा मिनिटांत देता येते. ज्या बाईला वाडीवरून एसटीने यायचे आहे, घरी लहान मूल आहे आणि दिवसाची मजुरी बुडणार आहे, तिच्यासाठी साखरेच्या आवरणातला हा फरक म्हणजे पाच खेपांऐवजी एक खेप. अर्थात या औषधानंतर काही रुग्णांच्या रक्तातील फॉस्फेट घटते, त्यावर लक्ष ठेवावे लागते.

डेक्स्ट्रानचा इतिहासही आपण वाचावा असे सुचवतो. जुन्या, जास्त आण्विक वजनाच्या आयर्न डेक्स्ट्रानमुळे क्वचित पण जिवावर बेतणारी तीव्र अ‍ॅलर्जी होत असे, कारण काही लोकांच्या रक्तात डेक्स्ट्रानविरुद्ध प्रतिपिंडे आधीच असतात. म्हणूनच त्या औषधाआधी चाचणी मात्रा देण्याचा दंडक आला. पुढे फेरुमॉक्सिटॉल आले, त्याचे आवरण डेक्स्ट्रानमध्ये बदल करून बनवलेल्या कार्बोहायड्रेटचे आहे. अमेरिकेत त्याला २००९ साली मान्यता मिळाली आणि सुरुवातीला पूर्ण मात्रा काही सेकंदांत टोचली जात असे. तीव्र प्रतिक्रियांच्या नोंदी आल्यावर २०१५ साली तिथल्या औषध प्रशासनाने ठळक चौकटीतला इशारा दिला आणि आता ते किमान पंधरा मिनिटांत ठिबकत देतात. कण तोच, आवरण तेच. देण्याचा वेगही प्रतिक्रियेत भर घालतो.

एमआरआयच्या दृष्टीने आपल्याला फेरिडेक्सचे उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेत १९९६ साली मान्य झालेले हे डेक्स्ट्रानचे कण शंभर नॅनोमीटरहून मोठे होते आणि यकृतातील कुप्फर पेशी, म्हणजे तिथल्या भक्षक पेशी, त्यांना पटकन उचलत. इथे तेच हवे होते. निरोगी यकृत कणांमुळे काळे दिसे, गाठीत कुप्फर पेशी नसल्यामुळे ती उजळ राही, आणि गाठ ओळखता येई. पीईजीचा दाट लेप देऊन हे कण लपवले असते तर तपासणीचा हेतूच फसला असता.

हीच गोष्ट औषधांतही आहे. काळा आजार ज्या परजीवीमुळे होतो तो यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा यांतील भक्षक पेशींच्या पोटातच राहतो. लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनवर (लायपोसोम म्हणजे लिपिडचा सूक्ष्म गोळा, त्यात भरलेले औषध) पीईजी नाही, त्यामुळे या पेशी ते उचलतात आणि औषध थेट परजीवीच्या घरात पोहोचते. बिहारमधील रुग्णांवरच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर किलो वजनाला १० मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेने पंचाण्णव टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे झाले. साध्या अ‍ॅम्फोटेरिसिनने मूत्रपिंडांना होणारी इजाही लिपिडच्या आवरणामुळे पुष्कळ कमी होते. २०२१ च्या म्युकरमायकोसिसच्या साथीत आपल्याकडे नातेवाईक या कुप्यांसाठी शहरोशहरी का फिरत होते, त्याचे कारण हेच. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज व के. ई. एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी देशी लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनवर जे काम केले, ते मराठी विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावे.

उलट बाजूचे उदाहरण म्हणजे पीईजी दिलेले लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे औषध. डॉक्सिल या नावाने ते अमेरिकेत १९९५ साली मान्य झाले. ८० ते १०० नॅनोमीटरच्या लायपोसोमवर २,००० आण्विक वजनाचे पीईजी अठरा कार्बनच्या लिपिडने रोवलेले असते. साधे लायपोसोम लवकर यकृतात जातात. हे कण दिवसेंदिवस रक्तात फिरतात आणि त्यांचा अर्धायुष्यकाळ सुमारे ५५ तास आहे. हृदयावरचा दुष्परिणाम साध्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा कमी झाला, हा मोठा लाभ. पण जो कण इतका वेळ फिरतो तो त्वचेतही झिरपतो, आणि तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा एक नवा त्रास पुढे आला, जो साध्या औषधात फारसा दिसत नाही. आमच्या वॉर्डातल्या परिचारिका रुग्णांना गरम पाण्यात हात घालू नका, घट्ट चप्पल घालू नका, भांडी घासताना जोर लावू नका असे पुन्हा पुन्हा सांगतात. लेपाने औषधाचा पत्ता बदलला आणि त्याबरोबर दुष्परिणामाचाही पत्ता बदलला. २०१२ साली अमेरिकेत या औषधाचा तुटवडा पडला तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे लिपोडॉक्स तिथे तात्पुरत्या परवानगीने आयात केले गेले, हीही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

पुन्हा प्रश्नकर्ती

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, मी खरोखर ऋणी आहे. उत्तर ३ मधील सरांचे आयर्न सुक्रोजचे उदाहरण वाचताना मला माझी वहिनी आठवली. तिला सातव्या महिन्यात हेच सलाईन लावले होते आणि मी शेजारी बसून माझ्या कणांचे शोधनिबंध वाचत होते, पण बाटलीत काय आहे हे मला माहीत नव्हते.

आता दोन शंका उरल्या आहेत. माझ्या आराखड्यात पीईजीच्या टोकाला लक्ष्यवेधी रेणू म्हणून फोलिक आम्ल जोडून कर्करोगाच्या पेशींवर चाचणी करायची आहे. ती करावी का? आणि पीईजीविरुद्धही प्रतिपिंडे तयार होतात असे वाचले, तर मग पीईजी निवडणेच चुकीचे ठरेल का?

उत्तर ४
लिपिड नॅनोकणांच्या औषधनिर्मितीत काम करणारी, हैदराबाद

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करते. प्रतिपिंडांची गोष्ट खरी आहे. उंदीर-घुशींना पीईजीच्या लायपोसोमची पहिली मात्रा दिली आणि साधारण आठवड्याने दुसरी दिली, तर दुसऱ्या मात्रेतले कण रक्तातून झपाट्याने नाहीसे होतात. हे २००० साली प्रसिद्ध झाले. पुढे जपानमधील इशिदा आणि किवादा यांच्या कामातून कळले की प्लीहेतील बी पेशी पीईजीविरुद्ध आयजीएम प्रतिपिंडे तयार करतात आणि ती पूरक प्रणालीला जागे करतात. माणसांतही याचे परिणाम दिसले आहेत. संधिवाताच्या एका प्रकारावर दिल्या जाणाऱ्या पेग्लोटिकेज या पीईजी जोडलेल्या औषधाचा गुण अनेक रुग्णांत याच प्रतिपिंडांमुळे ओसरतो. पीईजी जोडलेल्या एका रक्त पातळ करणाऱ्या औषधाची मोठी चाचणी २०१४ साली तीव्र अ‍ॅलर्जीमुळे थांबवावी लागली, आणि ज्यांना त्रास झाला त्यांच्या रक्तात पीईजीविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासूनच होती. सौंदर्यप्रसाधनांपासून जुलाबाच्या औषधांपर्यंत पीईजी आपल्या रोजच्या वापरात असते, म्हणून ती अनेकांच्या रक्तात सापडतात. डॉक्सोरुबिसिनच्या लायपोसोममध्ये मात्र हा प्रश्न कमी जाणवतो, कारण त्यातले औषध त्या बी पेशींनाच मारते.

परंतु यावरून पीईजी सोडून द्यावे असे मी म्हणणार नाही. ते कणावर किती वेळ राहायला हवे, हा प्रश्न आधी विचारावा. ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिस या शरीरात प्रथिन साचण्याच्या आजारावरचे पॅटिसिरान हे औषध २०१८ साली अमेरिकेत मान्य झाले, तो आरएनए वाहणारा पहिला मान्य लिपिड नॅनोकण. त्यात पीईजी जेमतेम दीड मोल टक्के आहे, आणि ते अठरा कार्बनऐवजी चौदा कार्बनच्या शेपटीने लावले आहे. चौदा कार्बनची शेपटी कणात घट्ट बसत नाही. रक्तात गेल्यावर तासाभरातच पीईजीचा मोठा हिस्सा गळून जातो, तर अठरा कार्बनची शेपटी तासाला एक टक्काही सुटत नाही. पीईजी गळाले की उघड्या पृष्ठभागावर अपोलिपोप्रोटीन ई हे रक्तातले प्रथिन येऊन बसते, आणि यकृतपेशींवरील एलडीएलचे (कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांचे) ग्राही त्याला ओळखून कण आत घेतात. म्हणजे उत्तर २ मध्ये ज्या कोरोनाविषयी लिहिले आहे, त्यालाच इथे वाटाड्या म्हणून वापरले आहे. डॉक्सिल आणि पॅटिसिरान या दोन्हींत पीईजीच आहे आणि त्याची लांबीही २,००० आण्विक वजनाचीच आहे. चार कार्बनच्या फरकाने एक कण रक्तात फिरत राहतो आणि दुसरा यकृतात उतरतो. इतक्या वर्षांनंतरही ही गोष्ट समजावून सांगताना मला आनंद होतो.

कोविडवरील फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए लसींतही असेच चौदा कार्बनच्या शेपट्यांचे पीईजी-लिपिड आहे. तयार करताना आणि साठवताना कणांचा आकार आवाक्यात ठेवणे, हे त्याचे मुख्य काम; शरीरात गेल्यावर त्याने बाजूला होणेच चांगले.

पर्यायी लेपांचा विचार करायचा असेल तर एकाच रेणूत अधिक आणि उणे दोन्ही भार असलेले लेप पाहावेत. बोस्टनमधील गटाने २००७ साली क्वांटम डॉटवर, म्हणजे प्रकाश देणाऱ्या अर्धवाहकाच्या नॅनोकणावर, सिस्टीनचा असा लेप दिला. प्रथिने त्यावर जवळजवळ बसली नाहीत, म्हणून कणाचा पाण्यातला व्यास वाढला नाही, आणि ५.५ नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रावाटे बाहेर पडले. आपला गाभाच दहा-बारा नॅनोमीटरचा आहे, त्यामुळे मूत्रावाटे बाहेर पडण्याची आशा आपण धरू नये. आपले कण शेवटी यकृत आणि प्लीहेतच जातील आणि तिथे लोह शरीराच्या साठ्यात मिसळेल. लोहाच्या बाबतीत हे सहन होण्यासारखे आहे. कॅडमियमच्या क्वांटम डॉटच्या बाबतीत नव्हते, म्हणूनच तिथे आकाराची एवढी काळजी घ्यावी लागली.

फोलिक आम्लाची चाचणी करावी, पण आरपीएमआयमध्ये करू नये. या माध्यमात दर लिटरला एक मिलिग्रॅम फोलिक आम्ल मुळातच असते, डीएमईएममध्ये त्याच्या चौपट. माणसाच्या रक्तात ते दर मिलिलिटरला साधारण ५ ते २० नॅनोग्रॅम, म्हणजे आरपीएमआयपेक्षाही पन्नास ते दोनशे पट कमी असते. पेशींवरचे ग्राही माध्यमातल्या फोलिक आम्लानेच भरून जातात आणि आपल्या कणाला जागा उरत नाही. फोलेटविरहित, म्हणजे फोलिक आम्ल नसलेले, आरपीएमआय बाजारात मिळते. पेशींना त्यात काही दिवस आधी वाढवावे, मग कण द्यावेत, आणि एका तुकडीत मोकळे फोलिक आम्ल मुद्दाम जास्त घालून कणांचे आत जाणे घटते का ते पाहावे. ते घटले नाही तर कण फोलेटच्या दाराने जात नाहीत असे समजावे. फोलिक आम्ल जोडलेल्या साखळ्या बाकीच्या साखळ्यांपेक्षा थोड्या लांब ठेवा, नाहीतर टोकाचा रेणू थरात दडून राहतो. आणि त्यांचे प्रमाण कमी ठेवा, कारण फोलिक आम्ल पाण्यात फारसे विरघळत नाही, जास्त झाले तर पीईजीचा थरच बिघडतो.

उत्तर १ देणाऱ्यांची पुरवणी

माझ्या आधीच्या उत्तराला एक जोड. सीरममध्ये डीएलएस, म्हणजे प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांच्या आकाराची मोजणी, करताना कण नसलेल्या सीरमचे वाचन आधी घ्यावे. त्यातल्या प्रथिनांचे शिखर दहा नॅनोमीटरच्या आसपास येते, आणि ते आपल्या कणांचेच आहे असे समजून काही जण फसतात. वाचने ३७ अंश सेल्सिअसला शून्य, एक, चार आणि चोवीस तासांनी घ्यावीत.

प्रश्नकर्ती, नऊ दिवसांनी

आपण सांगितल्याप्रमाणे केले. सीरमचे स्वतःचे शिखर खरोखरच दहाच्या जवळ आले आणि माझ्या जुन्या आलेखातले जे शिखर मी ‘विलग कण’ म्हणून दाखवले होते, ते तेच होते. तो आलेख मी प्रबंधातून काढला आहे. फॉस्फेट नसलेल्या, फक्त मिठाच्या द्रावणात डेक्स्ट्रानचे कण चार दिवस टिकले, आणि पाच मिलिमोलर फॉस्फेट घालताच दुसऱ्या दिवशी गढूळ झाले, म्हणजे लेप सुटतो हा अंदाज जुळतो. मिठातली आणि पाण्यातली वाचने सरांना शेजारी ठेवून दाखवली, त्यांनी ती दोनदा पाहिली आणि पीईजीची तुकडी पुन्हा करायला सांगितली, या वेळी सिलेनने बांधून. टीजीएची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली आहे. दर चौरस नॅनोमीटरला किती साखळ्या बसल्या, तो आकडा आला की इथेच लिहीन.